गुडघा बदलताना आत भरलेलं भुलीचं औषध: ते किती पुरतं, आणि दुसऱ्या रात्रीचं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आईचं वय ६८, वजन ४८ किलो, बीपी आणि साखर दोन्ही आहे. देवगडजवळच्या गावात त्या एकट्या राहतात, तुम्ही मुंबईत. कुडाळच्या सर्जननी उजवा गुडघा बदलायला सांगितलाय आणि "ऑपरेशन करतानाच गुडघ्यात भुलीचं औषध भरतो, मग फारसं दुखणार नाही," असं ते म्हणालेत. हे इंजेक्शन खरंच पुरतं का, त्याने पाय लुळा पडून आई पडणार तर नाही ना, आणि त्यापेक्षा मुंबईला नेलेलं बरं का, हे तुम्हाला हवंय.

मी भूलतज्ज्ञ आहे आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातच काम करत आलोय. तुमच्या सर्जननी सांगितलेली पद्धत चांगली आहे, जगभर रुळलेली आहे आणि कुडाळमध्ये ती मुंबईइतकीच नीट होऊ शकते. पण तिची मुदत साधारण एका दिवसाची. बारा तास, अठरा तास, फार तर चोवीस. गुडघा खरा ठणकायला लागतो तो औषध उतरल्यावर, आणि बहुतेकांना सगळ्यात जड जाते ती दुसरी रात्र. म्हणून "इंजेक्शन देणार का" यापेक्षा "दुसऱ्या रात्री आईला काय देणार, किती वाजता आणि कोण देणार" हे सर्जनना आणि भूलतज्ज्ञांना विचारा. त्याचं उत्तर चटकन मिळालं तर निम्मी काळजी सोडा.

आधी एक गोंधळ दूर करतो, कारण गावाकडे तो हटकून होतो. "गुडघ्यात इंजेक्शन" म्हटलं की लोकांना ओपीडीत बसून घेतलेलं स्टेरॉइडचं किंवा जेलचं इंजेक्शन आठवतं. ते झिजलेल्या गुडघ्यावर तात्पुरत्या आरामासाठी असतं. सर्जन सांगताहेत ते वेगळं. ते ऑपरेशनच्या टेबलावर, गुडघा उघडा असताना दिलं जातं, आणि तेव्हा आई कमरेतून दिलेल्या भुलीखाली असतात, त्यामुळे ते टोचल्याचंही कळत नाही. मात्र आईंनी गेल्या तीन महिन्यांत गुडघ्यात स्टेरॉइड घेतलं असेल, कुठल्याही कॅम्पमध्ये का असेना, तर सर्जनना आत्ताच सांगा. त्यानंतर लगेच सांधा बदलला तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, आणि तारीख पुढे ढकलणं हेच शहाणपण असतं.

आता गुडघा इतका का दुखतो, ते पाहू. ऑपरेशनमध्ये मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीच्या हाडाचं वरचं टोक काही मिलिमीटर कापून त्यावर धातू बसवतात, मध्ये प्लास्टिक येतं. खुद्द हाडाच्या गाभ्यापेक्षा त्यावरचं आवरण, सांध्याची पिशवी, तिचं आतलं अस्तर आणि वाटीखालची चरबी यांना वेदनेच्या नसा जास्त आहेत, आणि कापाकापी नेमकी तिथेच होते. शिवाय या नसा एका दिशेने येत नाहीत. पुढची आणि आतली बाजू मांडीतल्या मोठ्या नसेच्या फांद्या सांभाळतात, तर मागची बाजू खुब्यामागून येणाऱ्या नसेच्या फांद्या. एकच नस बधिर करून अख्खा गुडघा शांत होईल असं होत नाही, ही आमची जुनी अडचण. जिथे कापलं तिथेच औषध मुरवायचं, हा उपाय त्यातूनच आला. सिडनीच्या डेनिस केर आणि लॉरेन्स कोहान या दोघांनी ही पद्धत नीट बसवून २००८ साली प्रसिद्ध केली आणि मग ती सगळीकडे पसरली.

औषधं जुनीच आहेत. ब्यूपिव्हकेन १९५७ पासून माहीत आहे, रोपिव्हकेन त्याच्याच घराण्यातलं आणि हृदयाला थोडं कमी जाचक. दोन्ही नसेच्या आवरणातली सोडियमची दारं बंद करतात, म्हणून वेदनेचा संदेश पुढे सरकत नाही. ते सलाईनमध्ये पातळ करून भरपूर घनफळाचं मिश्रण करतात, कारण ते बऱ्याच जागी पोचवायचं असतं. भातलावणीत एका जागी पेंढी टाकून चालत नाही, थोडी थोडी रोपं अंतराअंतरावर खोवावी लागतात, तसंच हे. एका ठिकाणी वीस मिली ढकलून दिलं तर ते तिथेच तुंबतं आणि दोन बोटांवरची जागा कोरडी राहते.

क्रमालाही महत्त्व आहे. सांध्याच्या मागच्या पिशवीत औषध भरायचं ते कृत्रिम सांधा सिमेंटने बसवण्याआधी, कारण एकदा धातू बसला की मागे सुई पोचत नाही. मग बाजूचे स्नायुबंध, हाडाचं आवरण, मांडीच्या पुढच्या स्नायूची कड, वाटीखालची चरबी, आणि शेवटी टाके घालताना कातडीखालचा थर. मागच्या पिशवीपाशी सर्जन हात आखडता घेतात, कारण तिथून बोटभर मागे पायाची मुख्य रक्तवाहिनी आणि मोठी नस जाते. बाहेरच्या मागच्या कोपऱ्यात औषध जास्त पसरलं तर पाऊल वर उचलणारी नस काही तास बधिर होते, पंजा लोंबतो आणि घरचे घाबरतात. औषधामुळे झालेलं असेल तर ते दुसऱ्या दिवसापर्यंत परत येतं. पण पंजा हलत नसेल तर "औषधाचा असर असेल" म्हणून थांबू नका, लगेच सांगा. पट्टी घट्ट झालीय का, रक्त साकळलंय का, हे डॉक्टरांनी येऊन बघायलाच हवं.

या मिश्रणात बहुतेक जण आणखी दोन गोष्टी घालतात. थोडं अ‍ॅड्रिनलिन, ज्याने तिथल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, औषध जागेवर जास्त वेळ टिकतं आणि रक्तात हळू उतरतं. आणि केटोरोलॅक, म्हणजे सूज-वेदनेचं औषध. तुमच्या आईच्या बाबतीत या दुसऱ्याबद्दल बोलायला हवं. बीपी आणि साखर वर्षानुवर्षं असली की मूत्रपिंड हळूहळू थकतात, वरून काही दिसत नाही. मूत्रपिंडाचं काम दाखवणारा क्रिएटिनिनचा रिपोर्ट वाढलेला असेल तर केटोरोलॅक मिश्रणातून वगळायचं, आणि पुढच्या गोळ्यांतही तशी औषधं टाळायची. गुडघ्यात दिलं म्हणून ते गुडघ्यातच राहत नाही, रक्तात जातंच. नुसती साखर तपासून आलेले पेशंट मी पाहिलेत. तुम्ही क्रिएटिनिन करून घ्याच.

आता मात्रा. हा भाग मी जरा लांबवतो, कारण तुमच्या आई ४८ किलोच्या आहेत आणि या उपचारातला सगळ्यात गंभीर धोका इथेच आहे. ब्यूपिव्हकेनची सुरक्षित मर्यादा दर किलोला २ ते २.५ मिलिग्रॅम धरतात, रोपिव्हकेनची ३. आईंसाठी ब्यूपिव्हकेन सावधपणे ९६ मिलिग्रॅम, रोपिव्हकेन १४४. बाटलीच्या भाषेत, ०.२५ टक्क्यांचं ब्यूपिव्हकेन ३८ मिली, किंवा ०.२ टक्क्यांचं रोपिव्हकेन ७२ मिली. केर-कोहान यांच्या मूळ पद्धतीत रोपिव्हकेन ३०० मिलिग्रॅमच्या घरात असायचं, अंगापिंडाप्रमाणे कमी केलेलं. तोच आकडा पाठ करून आपल्याकडच्या काटक, भाताच्या पेजेवर आयुष्य काढलेल्या बाईला दिला तर तिला मर्यादेच्या दुप्पट औषध जाईल. घनफळ वाढवायचं असेल तर सलाईन वाढवावं, औषध नव्हे.

दुसरं, औषध देणारे हात दोन असतात. भूलतज्ज्ञ मांडीत नस बधिर करायचं इंजेक्शन देतो आणि सर्जन गुडघ्यात भरतो. दोघांनी आपापली मर्यादा पाळली तरी बेरीज बाहेर जाते. म्हणून सुरुवातीलाच किलोवरून काढलेला एकूण आकडा फळ्यावर लिहायचा आणि त्यातून दोघांनी वाटून घ्यायचा, अशी पद्धत हवी. तुम्ही भूलतज्ज्ञांना भेटाल तेव्हा "दोघांचं मिळून किती जाणार?" असं विचारा. चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही.

मर्यादा ओलांडली, किंवा चुकून रक्तवाहिनीत गेलं, तर आधी जीभ-ओठ बधिर होतात, तोंडात धातूची चव येते, कानात घंटा वाजल्यासारखं होतं, बोलणं अडखळतं. मग झटके, आणि वाईट वेळ आली तर हृदयाची लय बिघडते. ऑपरेशनवेळी रक्त थांबवायला मांडीला बांधलेला हवेचा पट्टा सोडल्यावर आणि पुढचा काही वेळ मी डोळ्यात तेल घालून बघतो. कमरेतली भूल असल्यामुळे पेशंट जागा असतो, बोलतो, हा मोठा फायदा. गाढ गुंगी दिली की ही पहिली लक्षणं हरवतात, म्हणून त्या वेळी मी पेशंटशी गप्पा मारत राहतो, आंबे कसे झाले, कलमांना मोहोर आला का. यावर उतारा आहे. २० टक्क्यांचं लिपिड इमल्शन, पांढरं दुधासारखं, शिरेतून. ४८ किलोला पहिला डोस साधारण ७२ मिली. अमेरिकेतल्या गाय वाइनबर्ग यांनी १९९८ मध्ये उंदरांवर ते दाखवलं आणि २००६ पासून माणसांतही जीव वाचल्याच्या नोंदी आहेत. हे होणं दुर्मीळ आहे, घाबरू नका. पण ही बाटली थिएटरमध्ये हाताशी हवी, औषधाच्या दुकानात नव्हे. हे विचारायला तर मुळीच संकोचू नका.

पाय लुळा पडण्याची तुमची भीती कुठून आली ते मला ठाऊक आहे. पूर्वी गुडघ्यासाठी जांघेतली मोठी नस बधिर करायचे. वेदना छान थांबायची, पण मांडीचा पुढचा स्नायूही ढिला व्हायचा आणि पेशंट उठून उभा राहिला की गुडघा मोडायचा. लोक पडायचे. आता ते बरंच मागे पडलंय. आता सोनोग्राफीवर बघून मांडीच्या मधल्या भागात, स्नायूंमधल्या बोगद्यात औषध सोडतात. तिथे मुख्यतः संवेदनेच्या नसा असतात, त्यामुळे ताकद बरीच शाबूत राहते. मागच्या बाजूसाठी, रक्तवाहिनी आणि सांध्याची पिशवी यांच्या फटीतही औषध देता येतं. तो आयपॅक ब्लॉक. सर्जननी गुडघ्यात भरलेलं औषध तर मांडीच्या स्नायूला जवळजवळ धक्काच लावत नाही. वेदनाशमनाच्या शिफारशी तयार करणाऱ्या प्रॉस्पेक्ट या आंतरराष्ट्रीय गटाने २०२२ मध्ये गुडघा बदलण्यासाठी हेच सुचवलंय: मांडीतल्या बोगद्यातलं एक इंजेक्शन आणि सोबत सर्जनचं गुडघ्यातलं औषध, जोडीला नियमित गोळ्या. दोन्ही मिळालं तर उत्तम.

दोन्ही मिळेलच असं मात्र नाही, आणि त्यात कुडाळच्या डॉक्टरांची उणीव असेलच असंही नाही. आपल्याकडे सोनोग्राफी मशीन पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याखाली नोंदवावं लागतं, जागा आणि वापरणारा दोघांचीही नोंद लागते. कायदा ज्या कारणासाठी आहे ते कारण मला शंभर टक्के मान्य आहे. पण आज कणकवली, उद्या सावंतवाडी, परवा कुडाळ असं फिरणाऱ्या भूलतज्ज्ञाला मशीन गाडीत टाकून नेता येत नाही, हेही खरं. म्हणून जिथे मशीन नाही तिथे सर्जनच्या हातचं औषध हाच मुख्य आधार असतो, आणि माझा अनुभव सांगतो की सर्जनने ते घाई न करता, प्रत्येक थरात दिलं, तर त्यावर पेशंट पहिल्या दिवशी समाधानाने चालतो. शेवटी शेवटी टाके घालताना उरलंसुरलं औषध जखमेत ओतून दिलं तर त्याला काही अर्थ नाही. फरक सुईपेक्षा त्या दहा मिनिटांच्या सबुरीत आहे.

आणखी एक प्रश्न, खास आपल्या भागातला. आईंना कधी विंचू चावलाय का? मी प्रत्येक पेशंटला हे विचारतो आणि मुंबईकर मुलं चकित होतात. लाल विंचवाचं विष त्याच सोडियमच्या दारांवर काम करतं ज्यांवर आमची भुलीची औषधं करतात. पूर्वी विंचू चावलेल्या, विशेषतः एकाहून जास्त वेळा चावलेल्या, लोकांत कमरेतली भूल किंवा जागेवरचं इंजेक्शन नीट लागलं नाही अशा नोंदी भारतीय भूलतज्ज्ञांनी प्रसिद्ध केल्या आहेत. नोंदी मोजक्या आहेत, सगळ्यांना असं होतं असं नाही. पण कोकणात विंचू नवा नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरून कितीतरी जीव वाचवले, त्यांचं सारं काम इथलंच. गवत काढताना, लाकडं उचलताना, चिऱ्याच्या गडग्यात हात घालताना चावलेला विंचू आई विसरल्या नसतील. आधी कळलं तर भूलतज्ज्ञ दुसरी वाट तयार ठेवतो, एवढाच हेतू.

कमरेतल्या भुलीत काही ठिकाणी थोडं मॉर्फिन मिसळतात. त्याने पहिले अठरा-वीस तास खूप छान जातात हे खरं. पण अंगाला खाज, उलट्या, लघवी तुंबणं, आणि वयस्कर माणसात श्वास मंदावण्याची भीती, म्हणून त्या रात्री पेशंटच्या श्वासावर कुणीतरी नजर ठेवायला हवं. जिथे रात्री एकच सिस्टर सगळ्या वॉर्डभर धावते तिथे मी ते देत नाही. गुडघ्यातलं औषध चांगलं भरलं असेल तर त्याची फार गरजही राहत नाही.

आता दुसऱ्या रात्रीकडे येतो. समजा सकाळी दहाला ऑपरेशन झालं. कमरेतली भूल दुपारी एक-दोनपर्यंत उतरते, पाय हलायला लागतात. गुडघा अजून शांत असतो. आई चहा पितात, फोनवर तुमच्याशी बोलतात, शेजारच्या खाटेवरच्या बाईंना सांगतात की काही दुखत नाही हो, उगाच घाबरवलंन सगळ्यांनी. संध्याकाळी फिजिओथेरपिस्ट वॉकरवर चार पावलं चालवतात. सगळे खूश. मग पहाटेकडे किंवा दुसऱ्या दिवशी कधीतरी औषध उतरतं आणि ठणका एकदम वर येतो, कारण सूज तोवर चढलेली असते. पेशंटला वाटतं काहीतरी बिघडलं. बिघडलेलं काही नसतं, पडदा उठलेला असतो. पण ज्याला हे आधी सांगितलेलं नाही त्याची ती रात्र फार वाईट जाते, आणि मग तो पुढचे चार दिवस गुडघा वाकवायला तयार होत नाही. गुडघा आखडतो तो असा.

म्हणून गोळ्या दुखायला लागल्यावर सुरू करायच्या नसतात. ऑपरेशनच्याच दिवशी, गुडघा बधिर असतानाच, ठरावीक वेळी सुरू करायच्या आणि पहिले तीन-चार दिवस दुखो न दुखो चालू ठेवायच्या. पाया पॅरासिटामॉलचा. ५० किलोखालच्या बाईला दर सहा तासांनी ६५० मिलिग्रॅम बसतं. त्याला हलकं समजू नका, वेळेवर घेतलं तर दुसऱ्या औषधांची गरज बरीच कमी होते. मूत्रपिंड आणि पोट ठीक असेल तर जोडीला सूज कमी करणारी गोळी, थोडेच दिवस, पोटात पेज-भात गेल्यावर. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर ती नाही. त्याच्या वर, खास रात्रीसाठी, ट्रॅमाडॉलसारखं जोरकस औषध कमी मात्रेत, आणि ते उलटी थांबवणाऱ्या गोळीसकट. त्याने बद्धकोष्ठ होतो, म्हणून पोट साफ होण्याचं औषधही पहिल्या दिवसापासून. प्रेगाबालिन म्हणून एक गोळी काही ठिकाणी सर्रास देतात. पासष्टीपुढच्या माणसाला ती मी नव्याने सुरू करत नाही. गुंगी येते, तोल जातो, आणि रात्री लघवीला उठताना पेशंट पडतो. तुम्ही ज्या पडण्याला भीत होतात, त्याचं कारण बऱ्याचदा ही गोळी असते, गुडघ्यातलं इंजेक्शन नव्हे.

ऑपरेशनच्या वेळी शिरेतून डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा एक डोस देतात. उलट्या कमी होतात, दुखणंही. आईंची साखर त्याने एक-दोन दिवस चढेल. ती अपेक्षित आहे, फक्त वारंवार मोजायची.

केसपेपरवर "लागल्यास द्या" असं लिहिलेलं असेल तर ते "अमुक वाजता द्या" असं बदलून घ्या. यामागे मला मनापासून वाटणारं एक कारण आहे. आपल्याकडच्या बायका मागत नाहीत. मी राउंडला विचारतो, "मावशे, दुखता काय?" उत्तर येतं, "जरासा. होता सहन." कपाळावर घाम असतो, पलंगाची कड घट्ट धरलेली असते, आणि "जरासा". आयुष्यभर डोक्यावरून लाकडाचा भारा वाहिलेल्या, बाळंतपणं घरात काढलेल्या या बायका. रात्री सिस्टरला हाक मारणं म्हणजे तिला त्रास देणं असं त्यांना वाटतं. म्हणून मी आता "दुखतं का" असं विचारत नाही. "कूस बदलता येते का? झोप किती वेळ लागली? पाय वाकवून दाखवा" असं विचारतो आणि चेहऱ्याकडे बघतो. तुम्हीही फोनवर तसंच विचारा. आणि त्या दोन रात्री कुणीतरी आपलं माणूस जवळ हवं, जे आईंच्या वतीने सिस्टरना उठवेल. सुट्टी काढायची असेल तर ऑपरेशनच्या दिवसापेक्षा दुसऱ्या रात्रीसाठी काढा.

बर्फही कामाचा आहे. कपड्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून पाच-सहा वेळा. साखरेमुळे पायाची संवेदना कमी असेल तर मध्ये उचलून कातडी बघत जा. व्यायाम गोळी घेतल्यावर पाऊण तासाने. मांडीतही ठणकेल, जिथे हवेचा पट्टा बांधला होता तिथे. ते मुका मार लागल्यासारखं असतं. गुडघ्यातलं औषध तिथे पोचत नाही, चार दिवसांत ते आपोआप जातं.

महागडं "तीन दिवस टिकणारं" इंजेक्शन घ्यावं का, असंही कुणी सुचवेल. चरबीच्या सूक्ष्म थैल्यांत भरलेलं ब्यूपिव्हकेन अमेरिकेत २०११ पासून आहे. ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले, गुडघा बदललेल्या पेशंटना साध्या ब्यूपिव्हकेनपेक्षा त्याचा वेगळा फायदा दिसला नाही. त्यासाठी पैसे घालू नका. गुडघ्यात बारीक नळी ठेवून दोन-तीन दिवस औषध सोडत राहण्याचीही पद्धत आहे, पण नव्या सांध्यात बाहेरून आत जाणारी वाट उघडी ठेवायला मी तयार नसतो.

मग मुंबई? वर लिहिलेल्या गोष्टी कुडाळात होत असतील, म्हणजे किलोवरून काढलेली मात्रा, लिपिडची बाटली, वेळेवर गोळ्या, रोज येणारा फिजिओथेरपिस्ट, तर केवळ वेदनेसाठी मुंबईला नेण्याचं कारण मला दिसत नाही. आईंच्या हृदयाची किंवा मूत्रपिंडाची मोठी तक्रार निघाली आणि आयसीयूची गरज वाटली, तर गोष्ट वेगळी. मग गोवा किंवा कोल्हापूरही जवळ पडतं. मुंबईला केलं तर आईंना तिथे निदान सहा आठवडे ठेवा. पंधराव्या दिवशी कोकण रेल्वेत आठ-नऊ तास पाय खाली सोडून बसवून आणणं मला पसंत नाही. सूज वाढते, आणि पोटरीत रक्ताची गाठ होण्याची भीती असते.

गावी आणणार असाल तर घर आधी बघून ठेवा. रस्त्यापासून खळ्यापर्यंत चिऱ्याच्या पायऱ्या किती, त्यांवर शेवाळ किती, हे पावसात फार महत्त्वाचं. पहिले दोन आठवडे रस्त्यालगतच्या कुणा नातेवाइकांकडे सोय झाली तर सोन्याहून पिवळं. कमोडची खुर्ची आणून ठेवा. आडाळ्यावर बसून नारळ खवणं, चुलीपुढे उकिडवं बसणं आता कायमचं बंद, हे आईंना ऑपरेशनआधीच कळू दे. गणपतीच्या तोंडावर तारीख घेऊ नका. घर माणसांनी भरलं की आई स्वयंपाकघरात उभ्या राहणारच, कुणाचं ऐकणार नाहीत. चतुर्थीच्या आधी दोन-अडीच महिने तरी द्या, नाहीतर सरळ दिवाळीनंतर करा.

दुखणं रोज थोडं कमी होत जायला हवं, चालल्यावर वाढून विसाव्याने उतरायला हवं. कमी होत आलेलं दुखणं पाचव्या-सातव्या दिवसानंतर पुन्हा चढायला लागलं, जखमेतून पाणी येऊ लागलं, ताप आला, एक पोटरी सुजून दाबल्यावर दुखू लागली, तर गोळी वाढवून घरी थांबू नका, त्याच दिवशी सर्जनना दाखवा. छातीत दुखलं किंवा धाप लागली तर सर्जनची वाट न बघता १०८ ला फोन करून जवळच्या इस्पितळात न्या. सुट्टी देताना सर्जनचा रात्री लागणारा नंबर मागून घ्या आणि तो आईंच्या फोनमध्ये, शेजाऱ्यांच्या फोनमध्ये आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत, तिन्हीकडे लिहून ठेवा.